‘छान’ म्हणू नका

मास्तरांच्या घरात ‘छान’ ही शिवी होती, आणि ती मी राहायला गेलो त्याच दिवशी देऊन बसलो. जिन्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "कशी वाटली खोली?" मी आपला रीत म्हणून म्हणालो, "छान आहे." त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"भिंतीला ओल आहे. खिडकी पश्चिमेला, उन्हाळ्यात भाजून निघाल. आणि तुम्ही म्हणता छान. आंधळे आहात की लबाड?"

मी टोपी सावरली.

"आंधळे असाल तर राहा," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठत-बसत होतं तेव्हाची ही गोष्ट. मी कलेक्टर कचेरीत नुकताच कारकुनीला चिकटलो होतो आणि नवी पेठेच्या मागच्या बोळात मास्तरांच्या घरी वरची खोली घेतली होती. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एका गिरणीच्या रंगखात्यात सूत रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. तिथल्या मुख्य माणसाला डाइंग मास्तर म्हणत. त्यातलं डाइंग नोकरीबरोबर संपलं आणि मास्तर तेवढं उरलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. अंगानं उंच, वाळके, भुवया दाट. कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की ते घरात कुठं आहेत हे सगळ्या बोळाला ऐकू यावं. दुसऱ्यावर नजर ठेवणाऱ्यानं असा खुळखुळाट करत फिरू नये, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

कचेरीतल्या माणसाला खोली देऊ नका, असं शेजारच्या नरसय्यानं त्यांना बजावलं होतं म्हणे. नरसय्या पद्मसाळी विणकर. घरातच माग, दिवसभर खटखट चालायची. मास्तर त्याला म्हणाले, "कचेरीतला माणूस पाठीमागं असण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेला बरा." हे मला नरसय्यानंच येऊन सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नसे.

मास्तर एकच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारत. वर येऊन मला विचारत, "किती वाजले?" मी घड्याळ बघून सांगितलं की खाली जाऊन नरसय्याला विचारत. आमचं उत्तर जुळलं नाही तर आम्ही खोटारडे, आणि जुळलं तर आम्ही आधी बोलून ठेवलेलं. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचत. पहिल्या पानावर जे छापतात ते आपण वाचावं अशी कुणाची तरी इच्छा असते, असं त्यांचं म्हणणं. सकाळी दूध घालायला कोंडाबाई येई. शहराबाहेरच्या बाळे गावची धनगरीण, तोंडाची फटकळ. तिनं माप ओतायच्या आधी मास्तर म्हणत, "आधी तू पी."

"रोज म्याच पिऊन बसले तर तुमाला काय घालू मास्तर, पानी?"

"पाणी तर तू घालतेसच."

ती हसत हसत ओंजळभर दूध पिऊन दाखवी. तरीसुद्धा ते दूध आधी मांजराला मिळे.

अशा घरात राहणाऱ्याचं मनही हळूहळू तसंच होतं. मलाही मास्तरांचा संशय येऊ लागला. थंडी सुरू झाली की ते गच्चीवर सातू पसरत. आधी भिजवायचे, मोड आणायचे, मग वाळवायचे. एवढे सातू कशाला, घोडा पाळणार आहेत की काय, अशी बोळात चर्चा. मग त्यातले थोडे सातू लोखंडी कढईत घालून कोळशासारखे काळे होईपर्यंत भाजायचे. माजघराच्या पलीकडे एक खोली होती, तिला कायम कुलूप. एकदा दार किलकिलं होतं तेव्हा मला आत बाटल्या दिसल्या, उष्णतामापक दिसला, रबराची नळी दिसली. ते दिवस असे होते की वर्तमानपत्रात दर पंधरवड्याला कुठं तरी बाँब सापडे आणि आमच्या कचेरीतले साहेब जोड्यांच्या खोक्याकडेही वाकून बघत. मी सरकारी माणूस. घरमालक बाँबवाला निघाला तर माझी नोकरी जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी दुसरी खोली शोधायला लागलो.

आणि एका पहाटे खाली खरंच धडाका झाला. मी अंथरुणात उठून बसलो. पळावं की खाली जावं, हे ठरेना. शेवटी कंदील घेऊन जिना उतरलो. बंद खोलीच्या दारात मास्तर उभे. धोतरावरून काळा फेस ठिबकतोय, कपाळावर काचेचा ओरखडा.

"आवाज ऐकलात?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग खाली कशाला आलात?"

त्यांनी कपाळावरचं रक्त पुसलं आणि दार पूर्ण उघडलं. "या आत. बघितल्याशिवाय तुमचा जीव खाली पडायचा नाही."

बाँब नव्हता. बूच बांधलेली एक बाटली फुटली होती. कोपऱ्यात एक बुटकं लाकडी पिंप, त्यावर ओलं पोतं. मास्तर घरात विलायती दारू गाळत होते. गाळत म्हणणं बरोबर नाही, आंबवत होते. ते तिला एल म्हणत, बिअरचाच एक प्रकार. रंगानं काळी, चवीनं कडू. मोडाचे सातू आणि ते काळे भाजलेले सातू उकळायचे, त्यात हॉप्स नावाची वाळकी हिरवट फुलं टाकायची, गार झालं की खमीर घालून पिंपात ठेवायचं, मग बाटल्यांत भरायचं. ती फुलं स्टेशनाजवळचा पाववाला आपल्या खमिरासाठी मुंबईहून मागवी, त्याच्याकडून मास्तर पुडी आणत. सोलापूरच्या उन्हात हे सगळं नासतं म्हणून हा उद्योग फक्त थंडीत. अर्थात अबकारीच्या कायद्यात यातलं काहीच बसत नव्हतं. बाँबपेक्षा बरं एवढंच. मी दुसरी खोली शोधायचं सोडून दिलं, कारण आता मला सगळं माहीत झालं होतं आणि मास्तर मला जाऊ देतील असं दिसेना.

कोंडाबाईला ‘एल’ हा शब्द ‘येल’, म्हणजे वेल, असा ऐकू येई. ती मला जिन्यात गाठून विचारी, "कसली म्हनं येल लावलीया मास्तरनी? कुटं दिसना ती मांडवावर. आनि त्या येलीचा रस आमाला पाजत्यात!"

आता मास्तरांचं दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मास्तरांना वास येत नव्हता. गिरणीत सूत पांढरं करायच्या हौदावर त्यांची काही वर्षं गेली. त्या हौदातून निघणाऱ्या वाफेनं त्यांचं नाक जळून गेलं. जीभ शाबूत होती. कडू, गोड, आंबट, खारट कळे. पण करपलं काय आणि दरवळलं काय, त्यांना सारखंच. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मला कळलं ते दुधामुळे. कचेरीतून आलो तर घरभर करपल्याचा वास, आणि मास्तर चुलीपासून हातभर अंतरावर वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचत बसलेले. पातेल्याचा कोळसा झाला होता. मी पातेलं उतरवलं. त्यांनी आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बोळात कुणाला बोललात तर खोली रिकामी करायची," ते म्हणाले. आवाज मात्र धमकीचा नव्हता, घाबरल्याचा होता. मला फार वाईट वाटलं.

तर असा हा माणूस एल करी. निम्मी चव नाकात असते असं तेच सांगत, आणि ते निम्मं त्यांना दुसऱ्याकडून मागून घ्यावं लागे. दर हंगामाला पहिली बाटली उघडली की ते नरसय्याला बोलावत, कोंडाबाईला थांबवून घेत. कायद्याच्या भीतीनं हे एकच गुपित त्या दोघांच्या पोटात राही. एकच काचेचा पेला होता. तो धुऊन, पुसून, अर्धा भरून पुढं करत. "प्या. आणि खरं सांगा."

इथं सगळी गोम होती. आपल्याकडे दुसऱ्याच्या पेल्याला कोण ओठ लावतो? नरसय्या मान मागं टाकी, पेला हातभर वर धरी आणि काळी धार सरळ घशात सोडी. कोंडाबाईही तशीच, वर पदराआडून. उष्टं होऊ नये म्हणून प्रत्येक जण वरून पिणार. नाक कुठं, पेला कुठं! धार जिभेला लागली न लागली तोच गट्ट. कडवट घोट उतरला की तोंड वाकडं करून दोघंही मास्तरांकडे बघत आणि हसत.

"बागुंदी मास्तर," नरसय्या म्हणे. म्हणजे तेलुगूत, चांगलं आहे.

"बरं हाय की," कोंडाबाई म्हणे.

मास्तरांच्या भुवया जवळ येत. "बरं म्हणजे काय? आजारी माणूस बरा होतो. एल कसं बरं होईल?"

"आता काय सांगू बया! लई ग्वाड हाय म्हनू?"

"गोड आहे?"

"न्हाय, कडू हाय. पर बरं हाय."

ती दोघं गेली की मास्तर पेला धूत आणि मला ऐकवत. "बागुंदी! अहो, ताप आलाय का विचारलं तरी नरसय्या बागुंदी म्हणतो. आणि ही कोंडाबाई, मी विष पाजलं तरी बरं हाय म्हणून मग मरेल. ही माणसं वाईट नाहीत हो. चांगलीच आहेत. तीच तर अडचण आहे."

एकदा त्यांनी मलाही पाजलं. आमच्या घरी दारूचं नाव काढलं तरी आई देवापुढं दिवा लावी. पण मास्तरांचा चेहरा बघून मी पेला उंच धरला आणि एक घोट सोडला. ‘छान’ म्हणायचं नाही एवढं शिकलो होतो. म्हणालो, "कडू आहे."

"कडू आहे ते मलाही कळतं. पुढं?"

मी तोंड पुसलं. त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला.

मी त्यांना म्हणालो, मास्तर, पेला तोंडाला लावून, वास घेऊन प्या असं सांगा ना या लोकांना. तर एकदम उसळले. "सांगून घेतलेला वास कुठला येणार? मी सांगेन तो. मी म्हणेन गुलाबाचा येतो का, नरसय्या म्हणेल येतो. मला आपणहून हवाय." मग थोड्या वेळानं शांत होऊन म्हणाले, "मला माहीत आहे ना माणूस कसं बोलतो ते. मी स्वतः बोललोय."

तेव्हा त्यांनी साहेबाची हकीकत सांगितली. रंगखात्याचा साहेब विलायतेचा, एकटा राहणारा. दर थंडीत तो काळं एल घाली आणि पहिला पेला मास्तरांना देई. मास्तर तेव्हा तरुण होते, नाक कुत्र्यासारखं तिखट होतं. साहेब त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. "टेल मी ट्रू," म्हणे. मास्तर काहीबाही बारीकसारीक सांगत, साहेब खूश होई, पुढच्या खेपेला त्याप्रमाणे फरक करी. एका वर्षी मास्तरांना बढती मिळायची होती. नेमकं त्याच वर्षी एल आंबट निघालं. नासलेलंच. मास्तरांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास, सर." साहेबानं नाताळात सगळ्या गिरण्यांचे साहेब बोलावले आणि तेच एल त्यांच्यापुढं ठेवलं.

"मग? रागावला असेल," मी विचारलं.

"रागावला असता तर बरं झालं असतं. बढती दिली. पण पुढच्या थंडीपासून मला पेला दिला नाही. कधीच नाही. जाताना हात मिळवला, सगळं नीट बोलला, पण एल कसं असतं ते पुन्हा विचारलं नाही." मास्तरांनी रिकामा पेला पुसायला घेतला. "ते एल पुन्हा करून बघायचंय मला. साहेबाचं. जीभ म्हणते जमलं. नाकाचं कुणी तरी सांगायला पाहिजे."

एवढंच हवं होतं त्यांना. एका खऱ्या माणसाचा एक खरा शब्द. सोलापूरसारख्या एवढ्या शहरात तो मिळू नये याचं मला तेव्हा नवल वाटे. आता वाटत नाही.

माझ्या तिथल्या शेवटच्या थंडीत सगळं बिघडलं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. कोंडाबाईनं बातमी आणली, "बोळाच्या त्वांडावर अबकारीचा शिपाई हुबा हुता. मास्तरांचं घर कुटलं म्हून इचारत हुता." मी कचेरीतून आलो तर मास्तर जिन्यात बसलेले. मला वाट देईनात.

"तुमच्या कचेरीतच आहे ना अबकारीचं खातं?"

"आहे. पलीकडच्या ओळीत."

"हं," ते म्हणाले आणि बाजूला झाले. त्या ‘हं’नंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी जिना चढलो की खाली कुलूप लागल्याचा आवाज येई. मी पाणी प्यायला उतरलो तर किल्ल्या वाजत वाजत माझ्यामागून येत. कचेरीत मला घास गोड लागेना. एक तर खबर दिल्याचा आळ, आणि खरंच छापा पडला तर चोरट्या दारूच्या घरात राहणारा कारकून म्हणून माझी उचलबांगडी. दोन्हीकडून मीच मरणार. मीही मग कुणी खबर दिली असेल याचा विचार करू लागलो. नरसय्याकडे मी तिरक्या नजरेनं बघे, नरसय्या माझ्याकडे, आणि कोंडाबाई आम्हां दोघांकडे. इतक्या दिवसांची बरी माणसं आम्ही, एकमेकांना बघून दार लोटून घ्यायला लागलो.

मग एक दिवस मास्तर आपणहून वर आले. हळू आवाजात म्हणाले, "पिंप मी माळ्यावर चढवलंय. तुम्हाला म्हणून सांगतो." मला भरून आलं. विश्वास बसला म्हणायचा! पुढं आम्ही तिघं एकदा बोललो तेव्हा कळलं, की नरसय्याला त्यांनी पिंप विहिरीजवळच्या पडवीत आहे म्हणून सांगितलं होतं, आणि कोंडाबाईला, केम गावी भाच्याकडे गाडीनं पाठवलं म्हणून. प्रत्येकाला ‘तुला म्हणून सांगतो’. अबकारीवाले जिथं शोधतील तो माणूस फितूर, असा हा सापळा. मला इतका राग आला की त्यांच्याशी बोलणं आता मी टाकलं.

रविवारी दुपारी इन्स्पेक्टर आला. बरोबर एक शिपाई. मी वरून बघत होतो, नरसय्याचा माग थांबला होता, कोंडाबाई बोळात रिकामी कासंडी घेऊन उभी होती. तिघंही श्वास रोखून बघतोय, हा जातो कुठं. माळ्यावर गेला तर मी मेलो. इन्स्पेक्टर दारातून आत आला, चौकात थांबला नाही, जिन्याकडे वळला नाही, पडवीकडे बघितलंसुद्धा नाही. थेट न्हाणीघरात गेला आणि शिपायाला म्हणाला, "ती लाकडं बाजूला कर." सरपणाच्या ढिगामागून पिंप निघालं.

ती जागा आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हती.

मी खाली धावलो. शिपायानं पेला भरला. इन्स्पेक्टर जन्माचा शुद्ध शाकाहारी, दारूच्या खात्यात असून दारूचा थेंब न शिवलेला. त्यानं शिपायाला खूण केली. शिपाई मात्र या विद्येतला जुना माणूस. त्यानं पेला उंच धरला, धार सोडली, आणि त्याचं तोंड असं झालं की कोंडाबाईला हसू आवरेना.

"साहेब, ही दारू न्हाय," तो म्हणाला. "दारू म्या वळखतो. ह्ये कडूजार कायतरी हाय. काढा असंल."

"काढा?" मास्तर ओरडले.

इन्स्पेक्टरनं मास्तरांकडे बघितलं, घराकडे बघितलं, चुलीपाशी ठेवलेल्या एकट्या ताटाकडे बघितलं. "काढाच आहे," तो म्हणाला. "थंडीचा घेत जा मास्तर, पण थोडा थोडा."

"अहो, चढते ही! पिऊन बघा."

"वय झालं की गरम पाणीही चढतं."

"मग वास तरी घ्या. पंचनामा करा. मला धरून न्या."

"चल रे," इन्स्पेक्टर शिपायाला म्हणाला.

मी त्यांच्यामागून बोळाच्या तोंडापर्यंत गेलो. माझ्यावरचा आळ मला पुसायचा होता. विचारलं, "साहेब, खबर कुणी दिली?"

"तुम्ही घरातलेच, तुम्हाला सांगायला हरकत नाही. म्हातारा स्वतः आला होता. जागासुद्धा सांगून गेला." त्यानं कपाळाजवळ बोट फिरवलं. "सांभाळा त्यांना."

माझं डोकंच फिरलं. एवढे दिवस या माणसानं मला चोर ठरवलं, शेजाऱ्यांत भांडणं लावली, आणि खबर देणारा हाच! मी तणतणत परत आलो. मास्तर न्हाणीघरात पिंपाशेजारी एका ओंडक्यावर बसले होते. किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पडलेला.

"तुम्हीच खबर दिलीत?"

"मग कोण देणार? तुम्ही तिघं?" त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्यापैकी कुणी देणार नाही हे कळायला हवं होतं मला. त्या शिपायाची बातमी आली तेव्हा उगीच तपासत बसलो. कुणीच येईना, मग मीच गेलो."

"तुरुंगात गेला असता."

"गेलो असतो. पण पंचनाम्यात वास लिहितात. मी चौकशी केली होती. रंग असा, चव अशी, वास अमुक. सरकारी माणूस सहीनिशी लिहितो, तो कशाला खोटं बोलेल? तर त्यानंही दया केली. काढा म्हणाला!" त्यांचा आवाज फुटला. "मी आता एल घालणार नाही. ओतून टाका हे."

माझा राग कुठल्या कुठं गेला. तुरुंगात जाऊन का होईना, पण खरं ऐकायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. शिपायानं ठेवलेला पेला तिथंच होता, अर्धा भरलेला. मी तो उचलला. वर धरला नाही. ओठाशी नेला. ओठ काचेला लागताना अंगावर शहारा आला, खोटं कशाला सांगू. मग नाक पेल्यात घातलं आणि डोळे मिटून श्वास घेतला.

मास्तर माझ्याकडे बघायला लागले होते.

"करपलेल्या भाकरीचा वास येतो," मी म्हणालो. "तव्यावर राहून गेलेल्या. त्याच्या खाली गूळ, काकवी म्हणा. आणि वरून लिंबाची पानं हातात चुरडल्यावर येतो तसा हिरवा."

"हं."

"आणि..." मी अडखळलो. तो वास मला पहिल्याच दमात आला होता, पण सांगवेना. एवढी वर्षं केलेल्या एलाला असला वास येतो हे या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं? आज दिवस त्यांना वाईट गेलाच होता. ‘छान’ म्हणून मोकळं व्हावं, असं अगदी ओठावर आलं.

"आणि काय?"

"रागावू नका मास्तर. सूत रंगवायच्या निळीचा वास येतो. रंगाऱ्यांच्या बोळातून जाताना गटारीजवळ येतो ना, तसा. थोडासाच. पण येतो."

मास्तर उभे राहिले. वाटलं, आता सामान बाहेर. ते माझ्याजवळ आले, इतके जवळ की त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगेल? पेल्यातून येतोय."

"शपथ घ्या."

"आईची शपथ."

ते पुन्हा ओंडक्यावर बसले, आणि बसले ते रडायलाच लागले. मी घाबरलो. म्हटलं, मास्तर, पिंप बदलून बघू, चिनी मातीच्या बरणीत घालून बघू. ते मान हलवत राहिले.

"साहेब रंगखात्याच्या मागं एल घालायचा. तिथं गार असायचं. पिंप निळीचं होतं, हेच. कितीही घासलं तरी वास जायचा नाही. त्याचे दोस्त चेष्टा करायचे. साहेब म्हणायचा, हा वास नाही आला तर ते माझं एल नव्हेच. तो गेला तेव्हा पिंप मी मागून घेतलं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "बाकीचं मला जिभेनं कळतं. हा वास उतरला की नाही, तेवढंच कळत नव्हतं. विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते, येतो की. म्हणून थांबलो होतो. इतक्या वर्षांत एक जण बोलला नाही हो."

पेला अजून माझ्या हातात होता. दारात नरसय्या आणि कोंडाबाई येऊन उभी राहिली होती, पण आत यायचं धाडस कुणाला होईना.

"उरलंय का त्यात?" मास्तरांनी विचारलं.

"आहे थोडं."

"मग परत घ्या वास. आणि सांगा. सावकाश सांगा, काही गाळू नका."

मी पुन्हा पेला नाकाशी नेला आणि पहिल्यापासून सांगू लागलो. करपलेली भाकरी, मग काकवी, मग लिंबाची पानं. मास्तरांनी डोळे मिटून मान थोडी वर केली होती. मी निळीवर आलो तशा त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.